चार्जिंग उतरण्याचे शास्त्र

वेगवान नेटवर्कमुळे मोबाइलची बॅटरी लवकर उतरते, हे विधान दर आठ-दहा वर्षांनी नव्याने सिद्ध होते. ३जी आले तेव्हा ते २जीच्या तुलनेत सिद्ध झाले, ४जी आले तेव्हा ३जीच्या तुलनेत, आणि ऑक्टोबर २०२२पासून ५जीबाबत ते सिद्ध करण्याचे काम घरोघर चालू आहे. प्रत्येक वेळी एक चमत्कार घडतो. ज्या नेटवर्कच्या नावाने इतकी वर्षे खडे फोडले, तेच नवे आल्याबरोबर एकदम गुणी ठरते. ‘फोर-जीवर दिवसभर जायची हो चार्जिंग,’ असे आज सांगणारे गृहस्थ २०१७ साली फोर-जीबद्दल काय बोलत होते, ते त्यांच्या घरच्यांना विचारावे. विधानात तथ्य आहे. किती आहे, आणि उरलेले खापर कुणाच्या डोक्यावर फुटायला हवे, हा वेगळा प्रश्न आहे.

आधी साठ्याचा हिशेब. आजच्या मध्यम किमतीच्या फोनच्या खोक्यावर ५००० एमएएच असा आकडा असतो. दुकानदार तो अभिमानाने सांगतो, गिऱ्हाईक मान डोलावते, आणि तो कशाचा आहे हे दोघेही एकमेकांना विचारत नाहीत. बॅटरीचा दाब साधारण ३.८५ व्होल्ट धरला, तर या साठ्याचे सुमारे १९ वॉट-तास होतात. म्हणजे स्वयंपाकघरातला ९ वॉटचा एलईडी दिवा त्यावर जेमतेम दोन तास जळेल. एवढ्या ऐवजात फोनला पडदा उजळायचा असतो, प्रोसेसर चालवायचा असतो, कॅमेरा, स्पीकर, जीपीएस, ब्लूटूथ या सगळ्यांची पोटे भरायची असतात आणि शिवाय दूरच्या टॉवरशी रेडिओलहरींवरून बोलणे चालू ठेवायचे असते. हे शेवटचे काम मोडेम आणि त्याच्या पुढे बसवलेला ॲम्प्लिफायर करतात. नेटवर्कचा वेग बॅटरीला थेट भिडतो तो याच ठिकाणी. पडद्याशी त्याचा थेट संबंध नाही. आडून आहे, आणि तो चांगलाच दांडगा आहे. पण त्याची पाळी पुढे येईल.

बॅटरीच्या सत्ययुगाचा उल्लेख टाळता येत नाही, कारण तो कुणी टाळू देत नाही. भारतात मोबाइलवरचा पहिला संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू बोलले आणि दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांनी ऐकले. पुढे २००० साली नोकियाचा ३३१० आला, २००३ मध्ये टॉर्चवाला ११००. यांतल्या पहिल्याची बॅटरी ९०० एमएएच होती, दुसऱ्याची ८५०. आजच्या फोनच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा हा साठा, आणि तरी चार्जर कपाटात कुठे ठेवलाय हे शोधावे लागे. यावरून ‘तेव्हाच्या बॅटऱ्या दणकट होत्या आणि तेव्हाचे नेटवर्क काटकसरी होते’ असा निष्कर्ष काढला जातो. दोन्ही अर्ध्यांत चूक आहे.

नेटवर्कची गोष्ट तर उलटी आहे. २जीचा फोन ९०० मेगाहर्ट्झवर कमाल २ वॉट जोराने टॉवरला हाक मारू शके. आजचा ४जी किंवा ५जी फोन सर्वसाधारणपणे ०.२ वॉटवर थांबतो. म्हणजे आज्याचा आवाज नातवाच्या दहापट होता. एवढेच, की त्या काळी आठ फोन एकच वाहिनी पाळीपाळीने वापरत, त्यामुळे प्रत्येकाला आठातला एकच वाटा बोलायला मिळे. सेकंदाला सुमारे २१७ वेळा होणारी ही चालू-बंद घरातल्या टीव्हीला आणि लग्नाच्या हॉलमधल्या स्पीकरला ऐकू जाई. फोन वाजण्याआधी स्पीकरमधून ‘टर्र-टर्रटर्र’ उमटे आणि मंगलाष्टके थांबवून सगळी पुरुषमंडळी खिसे चाचपत. कुणाचा फोन येणार, हे मात्र स्पीकरला सांगता येत नसे.

मग तो फोन आठवडाभर चालायचा कसा? एक कारण असे, की त्याला काही कामच नव्हते. पडदा बोटभर, रंग दोन, आणि सर्वांत अवजड कार्यक्रम म्हणजे साप वाढवण्याचा खेळ. दुसरे कारण तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत सापडत नाही, ते दरपत्रकात सापडते. सुरुवातीला मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात आकार पडे आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जात. इनकमिंग सर्वत्र फुकट झाले ते २००३ मध्ये. इतक्या किमतीला माणूस काय बोलणार? ‘पोचलो’ हे सांगायला तोंडसुद्धा उघडावे लागू नये म्हणून मिस्ड कॉलची पद्धत निघाली, आणि एक घंटा म्हणजे काय, दोन म्हणजे काय, याचे प्रत्येक कुटुंबाचे स्वतंत्र कोष्टक तयार झाले. बॅटरी वाचवण्याचा याहून परिणामकारक उपाय त्यानंतर कुठल्याही कंपनीला सापडलेला नाही. फोन महाग होता, बोलणे त्याहून महाग होते, आणि त्या महागाईत बॅटरी सुखाने नांदत होती.

३जीने या सुखाला पहिला धक्का दिला. २००७ साली ॲपलने पहिला आयफोन आणला तेव्हा त्यात ३जी नव्हते. ३जीच्या चिपा फार वीज खातात, असे कारण स्टीव्ह जॉब्स यांनी दिले होते. पुढच्या वर्षीच्या आयफोनच्या नावातच ३जी आले आणि कारण खरे असल्याचा पुरावा कंपनीच्याच तपशीलपत्रकात छापून आला: २जीवर बोलण्याचा अवधी १० तास, ३जीवर ५ तास. भारतात हा फोन ऑगस्ट २००८ मध्ये विकायला आला. तेव्हा देशात ३जीचे नेटवर्क सुरूच झालेले नव्हते. एमटीएनएलने दिल्लीत ते सुरू केले त्याच वर्षीच्या डिसेंबरात, आणि खासगी कंपन्यांसाठीचा लिलाव व्हायला २०१० उजाडले. सरकारला त्यातून सुमारे ६७,७१९ कोटी रुपये मिळाले. मधल्या काळात भारतातल्या आयफोन ३जीच्या मालकांना जगातल्या इतर मालकांपेक्षा अधिक चार्जिंग मिळाले, आणि याबद्दल त्यांनी कुणाचे आभार मानल्याची नोंद नाही.

३जीपासून एक नवा खर्च सुरू झाला, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. मोडेम नुसता चालू किंवा बंद नसतो. निवांत असताना तो मधूनमधून कान टवकारतो, तेव्हा खर्च नगण्य असतो. माहितीची ने-आण सुरू झाली की तो पूर्ण जागा होतो आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. ने-आण संपल्यावर त्याने लगेच झोपावे, ही अपेक्षा चूक ठरते. आणखी काही येईल, पुन्हा उठायला वेळ नको, म्हणून तो बराच वेळ जागाच राहतो. ‘निघतो हं आता’ म्हणून चपला घालून दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याची ही वृत्ती आहे: भेट पाच मिनिटांची, दारातले बोलणे अर्ध्या तासाचे, आणि तोवर यजमानाला दिवा मालवून आत जाता येत नाही. ४जीवर हा दारातला मुक्काम साधारण दहा सेकंदांचा असतो, आणि तो किती असावा हे फोन ठरवत नाही, नेटवर्क चालवणारी कंपनी ठरवते. ३जीच्या दिवसांत काही फोनांनी काम झाल्याबरोबर आपण होऊन निरोप घ्यायला सुरुवात केली. पण मग पुन्हा पुन्हा जोडणी मागणाऱ्या फोनांचा टॉवरवर असा भार पडू लागला, की शेवटी निरोप घेण्याचेही नियम मानकात लिहावे लागले.

दारातल्या या मुक्कामाचा मतलब असा, की बॅटरीला किती माहिती आली यापेक्षा ती किती वेळा आली हे जास्त जाचते. एकरकमी शंभर छायाचित्रे उतरवून घेणे परवडते. तीच शंभर छायाचित्रे मिनिटा-मिनिटाच्या अंतराने आली तर मोडेम शंभर वेळा उठतो आणि शंभर वेळा दारात रेंगाळतो. सकाळी सहा ते नऊ या वेळात कुटुंबाच्या समूहावर सूर्योदय, गुलाब, वाफाळता चहा आणि ‘शुभ सकाळ’ ज्या संथ पण अखंड गतीने पडत असतात, त्याहून बॅटरीला प्रतिकूल असे वेळापत्रक ठरवूनही आखता आले नसते. काकांनी एक गुलाब टाकला, तो मावशींनी पाहिला, मग मावशींनी आपला टाकला. फोन उशाशी गप्प दिसतो. आत मात्र मोडेमची उठाबस चालू असते. हे ओळखून २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत अशी सोय आली, की फोन बराच वेळ हलला नाही तर ॲपांची किरकोळ कामे अडवून ठेवावीत आणि मधूनमधून एकदम उरकावीत. बॅटरी वाचली. पण संदेश उशिरा पोचू लागल्याच्या तक्रारी आल्या, आणि अनेकांनी सेटिंगमध्ये शोधून शोधून ती सोय आपल्या लाडक्या ॲपांपुरती बंद केली. त्यानंतर तेच लोक पुन्हा बॅटरीबद्दल बोलू लागले.

४जीची सुरुवातही बॅटरीच्या नावाने बोंब उठूनच झाली. अमेरिकेत २०११ साली आलेल्या एचटीसी थंडरबोल्ट या ४जी फोनला १४०० एमएएचची बॅटरी होती आणि त्याची ख्याती वेगापेक्षा चार्जर शोधण्याबद्दलच अधिक झाली. वास्तविक ४जीच्या कर्त्यांनी फोनच्या बॅटरीची काळजी केली होती. टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या लहरींसाठी एक पद्धत आणि फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्यांसाठी दुसरी, असा दुहेरी कारभार त्यांनी ठेवला. कारण पहिल्या पद्धतीत लहरीचे चढउतार फार, आणि असे चढउतार सोसणारा ॲम्प्लिफायर वीज वाया घालवतो. टॉवरला वीज मंडळाची तार असते, फोनला नसते, एवढा विचार त्यामागे होता.

भारतात ४जीचा खरा प्रसार ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झाल्यावर झाला, आणि इथे बॅटरीचा प्रश्न अभियंत्यांच्या हातून निसटला. मार्च २०१७च्या अखेरीपर्यंत डेटा फुकट होता. पुढे तो फुकट राहिला नाही, तरी इतका स्वस्त झाला की फरक राहिला नाही. २०१६च्या आधी भारतातला सरासरी ग्राहक महिन्याला एक जीबीदेखील वापरत नव्हता. आज तो वीस जीबीहून जास्त वापरतो. शिवाय मासिक कोट्याच्या जागी रोजचा कोटा आला: रोज एक जीबी, दीड जीबी, दोन जीबी, रात्री बारानंतर नवे खाते. मराठी मध्यमवर्गाच्या संस्कारांवर याचा झालेला परिणाम अभ्यासण्याजोगा आहे. ताटात काही टाकू नये असे लहानपणापासून ऐकलेला माणूस रात्री साडेदहाला शिल्लक पाहतो, सातशे एमबी उरलेले दिसतात, आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून दीड तास व्हिडिओ पाहत बसतो. त्यात झोप जाते, चार्जिंग जाते, डेटा मात्र वाया जात नाही. बॅटरी उधळपट्टीने संपते हे सगळ्यांना माहीत आहे. ती काटकसरीनेही संपते, हा शोध भारतीयांच्या नावावर जमा व्हायला हरकत नाही.

हे कोडे मोबाइलच्या फार आधी सुटलेले आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशावर पुस्तक लिहिले. वाफेची इंजिने सुधारली, त्याच कामाला कमी कोळसा पुरू लागला, आणि तरी इंग्लंडचा कोळशाचा खप वाढला. त्याने कारण दाखवले, की काम स्वस्त झाल्यामुळेच लोक ते जास्त करू लागले. नेटवर्कचे तंतोतंत हेच झाले आहे. प्रत्येक नवे नेटवर्क एक एमबी वाहून नेण्यासाठी आधीच्यापेक्षा कमी ऊर्जा घेते. एमबीवारी पाहिले तर बॅटरी दिवसेंदिवस श्रीमंत होत चालली आहे. एमबी मोजायचे मात्र सगळ्यांनी सोडून दिले आहे.

५जीचा हिशेब यामुळेच फसवा आहे. दोन जीबीचा एक चित्रपट उतरवून घ्यायचा आहे असे समजू. ४जीवर सेकंदाला २० मेगाबिट मिळाले तर तेरा-चौदा मिनिटे लागतील. ५जीवर २०० मिळाले तर ऐंशी सेकंद. त्या ऐंशी सेकंदांत मोडेमने दुप्पट वीज ओढली तरी एकूण खर्च ४जीच्या एक-पंचमांश होतो. कागदावर ५जी जिंकले. हा फायदा मिळण्याची एकच अट आहे: चित्रपट उतरल्यावर फोन खाली ठेवायचा. मानवजातीत असा मनुष्य आढळत नाही. ऐंशी सेकंदांनंतर तो अडीच तास चित्रपट पाहतो, आणि तेवढा वेळ पडदा उजळलेला असतो. पडद्याचा आडून असलेला दांडगा संबंध तो हाच. रील पाहताना तर गंमत वाढते. सध्याचे चालू असताना ॲप पुढची दोन-चार आधीच आणून ठेवते, बोट सरकले की त्यातली निम्मी न पाहताच पुढे जातात, आणि वेग चांगला दिसला की चित्राचा दर्जा आपोआप वर चढतो. सहा इंचांच्या पडद्यावर तो चढलेला दर्जा ओळखण्यासाठी चष्मा लागतो. व्हिडिओ कॉलला तर वेगाचा काहीच लाभ नाही. बोलणे जेवढा वेळ चालते तेवढाच वेळ मोडेम जागा. सुनेने ‘आई, ठेवते हं’ म्हटल्यानंतर ते किती वेळ चालते, हे कुठल्याही मानकात दिलेले नाही.

तरीही ५जीवरचा आळ सगळाच खोटा नाही. १ ऑक्टोबर २०२२ला दिल्लीत उद्घाटन झाले तेव्हा एअरटेलने ज्या आठ शहरांत सेवा सुरू केली त्यांत मुंबई आणि नागपूर होते. फोन मात्र देशात २०२० पासूनच विकले जात होते. २००८चा प्रयोग पुन्हा एकदा यशस्वी झाला, आणि दोन वर्षे लोकांनी ५जीचे पैसे भरून ४जी वापरले. त्या पहिल्या पिढीच्या अनेक फोनांत ५जीचा मोडेम मुख्य चिपेबाहेर वेगळा बसवलेला होता, त्याचा खर्च वेगळा. नेटवर्कच्या रचनेचाही भाग होता. एअरटेलने सुरुवात केलेल्या पद्धतीत ५जी हे ४जीच्या आधाराने चालते, म्हणजे फोन दोन्ही संसार एकाच वेळी सांभाळतो. जिओने ५जी स्वतंत्रपणे उभे केले. आधारावरच्या पद्धतीत पडद्याच्या कोपऱ्यात ५जी दिसते तेव्हा फोन प्रत्यक्षात ४जीवरच असू शकतो. चिन्ह एवढेच सांगते, की जवळपास ५जी आहे. ते चिन्ह पाहून ‘आज वेग जाणवतोय’ म्हणणारे भेटतातच. शिवाय ५जीची वाहिनी रुंद असते: ४जीची जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ, भारतातल्या ५जीची शंभरापर्यंत. सगळी रुंदी सतत ऐकत बसायला वीज लागते, म्हणून गरज नसेल तेव्हा तिचा छोटा पट्टाच ऐकावा अशी सोय मानकात आहे. दारातल्या मुक्कामावरही तोडगा निघाला आहे. जोडणी कागदोपत्री कायम ठेवून मोडेमने मात्र आराम करावा, अशी एक मधली अवस्था ५जीत आहे. नोकरी कायम आणि काम नाही, ही अवस्था सरकारी कचेऱ्यांनी बरीच आधी प्रमाणित केली होती.

खरा शत्रू कमकुवत रेंज आहे. टॉवर जवळ असला की फोन कुजबुजतो, दूर गेला की ओरडतो. या दोन टोकांच्या जोरांत लाखो पटींचा फरक असतो. ओरडताना ०.२ वॉट हवेत जातात, पण तेवढे घालवण्यासाठी ॲम्प्लिफायर बॅटरीतून त्याच्या कित्येक पट ओढून घेतो. त्यामुळे पाहण्यापेक्षा पाठवणे महाग, आणि एका काडीच्या रेंजवर पाठवणे सर्वांत महाग. अनंत चतुर्दशीला पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर हजारो माणसे एकाच मिरवणुकीचा एकच गणपती एकाच वेळी स्टेटसला चढवू पाहतात. टॉवर कोंडतो, गोल फिरत राहतो, मोडेम जागा राहतो, आणि शेवटी तो व्हिडिओ शेजारीच उभ्या असलेल्या माणसाला दिसतो. ५जीची अडचण अशी, की त्याचा भारतातला मुख्य पट्टा ३.३ गिगाहर्ट्झच्या वरचा आहे, आणि वारंवारता वाढली की लहरींना भिंती अडवू लागतात. रस्त्यावर पाच काड्या, जिन्यात तीन, बेडरूममध्ये एक. मग फोन कधी ५जीकडे, कधी ४जीकडे चकरा मारतो आणि प्रत्येक चकरेचे पैसे बॅटरी देते. जुन्या वाड्यातल्या दीड फुटी भिंतीमागे तर ५जी हे बातम्यांत वाचण्याचे प्रकरण आहे.

प्रवासात हे टोकाला जाते. कोकण रेल्वेची गाडी रोह्याहून निघाली की बोगद्यांची रांग लागते. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटर आहे. आत रेंज जाते. फोन प्रथम आपल्या ५जीचे पट्टे चाळतो, मग ४जीचे, मग २जीचे, आणि थोडे थांबून पुन्हा पहिल्यापासून. बाहेर येताच टॉवर सापडतो, साठलेले संदेश धडाधड आत येतात, आणि एवढ्यात पुढचा बोगदा. सावंतवाडीला उतरणाऱ्याचा फोन न वापरताच निम्मा झालेला असतो, आणि तो घरी पोचल्यावर घरातल्या त्या एकमेव खिडकीत ठेवला जातो जिथे रेंज येते. विमान मोड हे बटण विमानापेक्षा या गाडीत जास्त उपयोगी आहे. पण ‘कुणाचा महत्त्वाचा फोन आला तर?’ या विचाराने ते दाबले जात नाही, आणि बोगद्यात तो येऊ शकत नाही हे गणित कुणी करत नाही.

उष्णतेचा उल्लेख थोडक्यात. मोडेम जोरात चालला की तापतो, फार तापला की फोन ५जी सोडून ४जीवर येतो, आणि वारंवारच्या तापाने बॅटरीचे एकूण आयुष्य घटते. ॲपलच्या सूचनेप्रमाणे आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस हवेत वापरावा. पहिल्या आठ शहरांतल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. म्हणजे तिथे उन्हाळाभर आयफोन वापरणे हे नियमबाह्य वर्तन आहे.

बॅटरीनेही आपली बाजू मांडायला हवी. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, तिच्या जनकांना, म्हणजे गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि या सगळ्या काळात तेवढ्याच वजनात मावणारी ऊर्जा तिपटीच्या आसपास वाढली. त्याच काळात मोबाइल डेटाचा वेग हजारो पटींनी वाढला. रसायनाला एवढी घाई जमत नाही. कंपन्यांनी मग दोन वाटा काढल्या. एक, बॅटरी मोठी करत जाणे: २०२०मध्ये सॅमसंगने भारतात ७००० एमएएचचा फोन आणला, आणि अलीकडे सिलिकॉन-कार्बनच्या बॅटऱ्यांमुळे हा आकडा सडपातळ फोनांतही मावू लागला आहे. दुसरी, टिकवण्याचा नाद सोडून भरण्याचा वेग वाढवणे. २०२२च्या जानेवारीत १२० वॉटचा चार्जर घेऊन आलेला शाओमीचा फोन पाव तासात भरण्याची जाहिरात होती. पॉवर बँक ही तिसरी वाट जनतेने स्वतः धरली. तिच्यावर १०,००० एमएएच लिहिलेले असते आणि फोनला त्यातले सहा हजारांच्या आसपास मिळतात, कारण आतला दाब ३.७ व्होल्ट, बाहेरचा ५, आणि रूपांतरात थोडी गळती. हे तिच्याच पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले असते. मोठ्या अक्षरांत छापायला जागा शिल्लक नसते, कारण तिथे १०,००० लिहिलेले असते.

लोकप्रिय उपायांपैकी बहुतेक निरुपयोगी आहेत. उघडी ॲपे एकेक करून वर ढकलून देणे हा सर्वांत आवडता. त्याचा उपयोग नसल्याचे २०१६ मध्ये ॲपलचे क्रेग फेडरिगी आणि अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहायमर या दोघांनीही सांगितले. ढकललेले ॲप पुन्हा उघडताना उलट जास्त वीज जाते. ही कृती करणाऱ्याच्या चेहऱ्यावर केर काढल्याचे समाधान दिसते, म्हणून ती बंद होणार नाही. बॅटरी वाचवणारे म्हणून उतरवलेले ॲप स्वतः पाठीमागे चालू राहते आणि दर तासाला किती वाचवले याच्या सूचना पाठवते. डेटा बंद करून ठेवणे हा बुजुर्गांचा उपाय मात्र खरोखर चालतो. तो केल्यावर ‘तुझा मेसेज मला आलाच नाही’ असे खरे बोलताही येते.

राहता राहिला निकाल. ५जी बंद करावे का? घरात-कचेरीत चांगली रेंज असेल तर नाही. काम लवकर संपते आणि मोडेम लवकर झोपतो. एकच काडी येत असेल, किंवा फोन सारखा ५जी-४जी करत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन ४जी निवडावे. वायफाय असेल तिथे वायफाय, कारण राउटर खोलीत असतो आणि फोनला ओरडावे लागत नाही. बोगद्यांच्या मार्गावर विमान मोड. आणि यातले काहीही करण्यापूर्वी सेटिंगमधले ‘बॅटरी’ हे पान उघडून कोणी किती खाल्ले, याची यादी पाहावी. मोबाइल नेटवर्क तिच्यात सहसा बरेच खाली असते. सर्वांत वर जे नाव असते ते वाचून बहुतेक लोक पान बंद करतात आणि ५जीला बोल लावायला मोकळे होतात.